जुन्या गोव्यातले इटालियन पाहुणे

गोव्याला जाऊन आले म्हटले की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला समुद्राचा, "कुठल्या बीचवर गेलात?" दुसरा काजूचा. आणि तिसरा, जरा हळू आवाजात, घरच्या पुरुषमंडळींनी येताना बॅगेत काय आणले त्याचा! जुन्या गोव्यातील चर्चेसविषयी फारसे कुणी विचारत नाही. ती बहुतेकांनी पाहिलेली असतात, पण टॅक्सीवाल्याने दिलेल्या पाऊण तासात. बॉम जीझसमध्ये सेंट झेवियरची पेटी लांबून पाहायची, समोरच्या से कॅथीड्रलपुढे फोटो काढायचा, शहाळे प्यायचे आणि मंगेशीला पळायचे. झाले जुने गोवे!

म्हणूनच मला आज एका वेगळ्या चर्चविषयी लिहायचे आहे. से कॅथीड्रलच्या पुढे मांडवीच्या दिशेने पाच-सात मिनिटे चालले की झाडांच्या आड ते एकदम समोर येते. पांढरेशुभ्र, उंच खांबांचे, दोन्ही बाजूंना दोन मनोरे आणि मागे गोल घुमट. नाव सेंट कॅजेटनचे चर्च. हे चर्च पोर्तुगीजांनी बांधलेले नाही, ते इटालियन साधूंनी बांधले. त्याच्या दर्शनी भागाचा नमुना आहे रोममधल्या सेंट पीटर्स बाझिलिकेचा. रोमला जाणे आपल्यापैकी किती जणींना जमणार? पण रोमची ही धाकटी बहीण मात्र कदंबाच्या बसने गाठता येते.

एका वयाच्या दोन इमारती

आम्ही गारखेड्याचे. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या माणसाला 'नमुना', 'नक्कल' हे शब्द ऐकले की थोडे टोचतेच. आमचा बीबी-का-मकबरा म्हणजे 'गरिबाचा ताज' हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाहुणे येतात, मकबरा बघतात आणि म्हणतात, "छान आहे, पण ताजमहालाची सर नाही." जणू काही आम्हीच तो घाईघाईत उरकला!

कॅजेटनच्या पायऱ्यांवर बसून इतिहास वाचताना मला एक गंमत सापडली. औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरस बानूची कबर असलेला हा मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पुरा झाला. कॅजेटनचे चर्च साधारण १६५५ च्या सुमारास सुरू होऊन १६६१ च्या आसपास उभे राहिले. म्हणजे दख्खनच्या दोन टोकांना, एकमेकांचा पत्ता नसलेले दोन गट त्याच काळात एकच उद्योग करत होते. दूरच्या एका थोर इमारतीची आठवण इथल्या मातीत, इथल्या दगडात आणि हातात असलेल्या पैशात उभी करायची!

पैसा दोन्हीकडे बेताचाच. मकबऱ्याला आलेला खर्च ६,६८,२०३ रुपये असा नोंदलेला आहे. ताजच्या मानाने ही रक्कम अगदी किरकोळ. संगमरवर महाग आणि तो आणायचा दुरून. तॅव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने सुरत ते गोवळकोंडा वाटेवर संगमरवराने लादलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या पाहिल्या होत्या. त्यांतल्या लहानात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले! म्हणून घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा तेवढा संगमरवराचा झाला. बाकी सगळे आपल्या काळ्या दगडाचे आणि वर चुन्याचा गिलावा. पण गिलावा म्हणजे नुसते लिंपण समजू नका. मकबऱ्याच्या भिंतींवरची वेलबुट्टी जवळ जाऊन पाहा. चुन्याला दगडाची नजाकत देणे सोपे नाही.

गोव्यातही तेच. रोमच्या सेंट पीटर्सला लाभला तसा दगड गोव्यात नाही. इथे मिळतो जांभा. तांबडा, भोकाभोकांचा, खाणीतून काढताना मऊ आणि वारा लागला की कडक होणारा. त्या चिऱ्यांची भिंत उभारायची आणि वर चुना चढवायचा. कॅजेटनचे ते पांढरेशुभ्र रूप म्हणजे जांभ्याने पांघरलेला चुन्याचा शेलाच आहे.

निघाले गोवळकोंड्याला, राहिले गोव्यात

हे इटालियन साधू इथे आले कसे, त्याची कथा मोठी मजेदार आहे. इटलीतील व्हिचेन्झा गावी १४८० साली जन्मलेले कॅजेटन हे संत. १५२४ साली त्यांनी रोममध्ये थिएटिन नावाचा संघ काढला. त्यांचा नियम कडक. संघाने मालमत्ता करायची नाही, उत्पन्न ठेवायचे नाही आणि भीकही मागायची नाही. देव देईल त्यावर राहायचे. या 'देव देईल'वरूनच चर्चचे खरे नाव पडले आहे. ते मेरीमातेला वाहिलेले आहे आणि तिला इथे 'ईश्वरी कृपेची माता' म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र कॅजेटनचेच नाव राहिले.

पोप आठव्या अर्बनने या संघाचे काही साधू पाठवले ते गोव्यात राहायला नव्हे, तर गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत धर्मप्रचार करायला. तिथे त्यांना काम करू दिले नाही. तेव्हा १६४० साली ते गोव्यात स्थिरावले. गोव्यात तरी त्यांचे कौतुक होते का? तसेही नाही. पूर्वेकडच्या सगळ्या ख्रिस्ती कामकाजावर आपलाच हक्क आहे असे पोर्तुगालचा राजा मानत असे. त्यात हे परके इटालियन, थेट रोमच्या आज्ञेने आलेले. सरकारी मंडळी त्यांच्याकडे संशयानेच पाहत.

हे कळल्यावर त्या दर्शनी भागाचा अर्थ मला निराळा वाटू लागला. बाकीची चर्चेस पोर्तुगीज वळणाची आणि मधोमध हे एकच रोमन वळणाचे. "आम्ही लिस्बनचे नाही, रोमचे," असे तोंडाने म्हणता येत नव्हते, ते त्यांनी भिंतीतून सांगितले असावे. आपण नाही का, नव्या शहरात बिऱ्हाड केले तरी दारावर माहेरच्या पद्धतीचे तोरण लावतो? त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट. रोमच्या सेंट पीटर्सच्या दर्शनी भागावर दोन बाजूंना दोन मनोरे बांधायचा बेत होता. बर्निनी या नामवंत शिल्पकाराने एक मनोरा चढवलाही. पण भिंतीला तडे दिसू लागले आणि १६४६ साली तो उतरवावा लागला. त्यानंतर साधारण पंधरा वर्षांत गोव्यात जांभ्या दगडाचे मनोरे उभे राहिले ते आजवर आहेत. मोठ्या बहिणीला जे दागिने मिळाले नाहीत ते धाकटीने अंगावर घातले, असे आमच्या सासूबाई म्हणाल्या, आणि मला ते पटले.

आत गेल्यावर

दर्शनी कोनाड्यांत चार संतांच्या मूर्ती आहेत. पीटर, पॉल, जॉन आणि मॅथ्यू. त्या पाहून आत पाऊल टाकले की पहिल्यांदा जाणवतो तो उजेड. बॉम जीझसमध्ये थोडा अंधार, सोन्याची झळाळी आणि गर्दी. इथे मात्र चार भक्कम खांबांवर तोललेला घुमट आहे. त्यातून खाली उतरणारा प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो. खांबांच्या मांडणीमुळे आतल्या जागेला क्रुसाचा आकार आला आहे. छताच्या कमानींवर फुलांची नक्षी आहे. जुन्या गोव्यात असा घुमट उरला आहे तो इथेच.

समोर मुख्य वेदी. नखशिखांत सोन्याचा मुलामा दिलेले लाकडी कोरीवकाम, वेलींचे वेटोळे, देवदूत, किरणांचा झोत. डाव्या-उजव्या बाजूंना आणखी सहा वेद्या आहेत. त्यांतली एक कॅजेटनची. भिंतींवर इटालियन धाटणीची कापडावर रंगवलेली चित्रे आहेत, त्यांत कॅजेटनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. घाई न करता एकेक चित्र पाहावे. आमच्या मुलांना मी एकच काम दिले होते, 'प्रत्येक चित्रात हात काय करताहेत ते बघा.' नावे, सनावळ्या मुले विसरतात. आशीर्वाद देणारा हात, उचलून घेणारा हात, जोडलेले हात मात्र त्यांच्या लक्षात राहतात. शाळेत इतिहास शिकवताना मला याचा फार उपयोग होतो.

आता प्रश्न असा, की हे लाकूडकाम कुणी केले? आराखडा युरोपचा असेल, हात मात्र इथलेच. गोव्यातल्या धर्मसभांनी सोळाव्या शतकात फर्माने काढली होती, की ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. अशी फर्माने पुन्हा पुन्हा काढावी लागली! आपण आयांना यातली मेख लगेच कळते. "डब्यातले लाडू घ्यायचे नाहीत," हे रोज बजावावे लागते, याचा अर्थ लाडू रोज जात असतात. सुतार, सोनार, चितारी यांच्या हातांवाचून चर्चेस सजणारच नव्हती.

या थिएटिनांचे एक वैशिष्ट्य आवर्जून सांगण्यासारखे आहे. इतर युरोपीय संघ गोमंतकीयांना आपल्यात घ्यायला नाखूश असत, त्या अठराव्या शतकात यांनी स्थानिक तरुणांना आपल्या संघात घ्यायला सुरुवात केली. पुढे १८३४ साली पोर्तुगीज सरकारने सगळेच धार्मिक संघ बंद केले. मठ ओस पडले. कॅजेटनच्या शेजारच्या मठात आज धर्मगुरूंच्या पुढच्या शिक्षणाची संस्था आहे.

घुमटाखालची विहीर

घुमटाच्या बरोबर खाली एक चौकोनी चौथरा आहे आणि त्याखाली विहीर आहे. इथे पूर्वी देऊळ असावे, असा लोकांचा समज आहे. हे ऐकले आणि सासूबाई तिथेच थांबल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग चौथऱ्याला हात जोडले, नंतर समोरच्या मेरीमातेलाही जोडले आणि म्हणाल्या, "पाणी कुणाचं असतं गं? जो तहानला त्याचं."

मला मात्र एवढ्याने बरे वाटले नाही, हे सांगायला हवे. जुन्या गोव्याची कला पाहताना तिच्यामागचा इतिहास पदराखाली झाकता येत नाही. सोळाव्या शतकात इथली देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा यांना भक्तांनी रातोरात खाडीपलीकडे नेले. आज आपण मंगेशी, कवळे, म्हार्दोळ इथे ज्यांच्या दर्शनाला जातो, ते हे घर सोडून गेलेले देव. समोरच्या दिवाडी बेटावरच्या सप्तकोटेश्वराचे तेच झाले. नार्व्याला त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करवला. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, गोव्यात इन्क्विझिशनची दहशत होती.

कॅजेटनच्या आवाराजवळच एक एकटे दार उभे आहे. काळ्या दगडाचे, कोरीव खांबांचे, वर आडवी तुळई आणि मागे काहीच नाही. हे आदिलशाही वाड्याचे दार. वाडा गेला, त्यात नंतर राहिलेले पोर्तुगीज गव्हर्नर गेले, दार राहिले. पुढे नदीकडे व्हाइसरॉयची कमान आहे. दोनशे पावलांच्या आत कदंबांच्या वेळेपासूनची देवळे, आदिलशाही, पोर्तुगाल आणि रोम! सुंदर गोष्ट पाहून आनंद व्हावा आणि त्याच वेळी मनात काही खुपावे, असे जुन्या गोव्यात होते. मुलांनी विचारले तर दोन्ही सांगावे. एकच सांगितले तर ते अर्धे होते.

उशीच्या बदल्यात थडगे

इटलीची दुसरी भेट आहे बॉम जीझसमध्ये. १५९४ साली सुरू होऊन १६०५ साली पूर्ण झालेल्या या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव आहे. १५५२ साली चीनजवळच्या सांचियन बेटावर झेवियर वारले आणि १५५४ साली त्यांचे शव गोव्यात आले. सगळे मान वर करून चांदीच्या पेटीकडे बघतात. ती पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग ठोकून काढलेले आहेत. पण पेटीखालचा चौथरा नीट पाहा. तो आला आहे फ्लॉरेन्सहून.

टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला झेवियरच्या डोक्याखालची उशी प्रसाद म्हणून मिळाली होती. तिची परतफेड म्हणून त्याने हे स्मारक पाठवले. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने ते केले, त्याला दहा वर्षे लागली आणि १६९८ साली ते इथे जोडले गेले. सुटे भाग जहाजाने आले आणि ते जुळवायला फ्लॉरेन्सचा कारागीर, प्लाचिदो रॅम्पोनी, बरोबर आला. रंगीबेरंगी संगमरवर, जास्पर यांचे तुकडे एकमेकांत असे बसवले आहेत की सांधा दिसत नाही. चार बाजूंना काशाचे चार पट आहेत. झेवियरचा उपदेश, बाप्तिस्मा, हल्ल्यातून सुटका आणि शेवटी त्या बेटावरचे एकाकी मरण. खाली फ्लॉरेन्सचा दगड आणि वर गोव्याची चांदी, असे हे जोडकाम आहे.

गिलाव्याचे दुखणे

बॉम जीझस तांबडे का दिसते, हा प्रश्न आमच्या धाकट्याने विचारला आणि त्याचे उत्तर फार महत्त्वाचे निघाले. ते मुळात तांबडे नव्हतेच. त्यालाही कॅजेटनसारखा चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज अमलातच तो काढून टाकला गेला. उघडा दगड जास्त जुना, जास्त भारदस्त दिसतो, अशी तेव्हाची आवड! आज पर्यटकांना तेच रूप ओळखीचे झाले आहे. पण जांभा पाणी पितो. कोकणातला पाऊस दरवर्षी त्या उघड्या भिंतींत मुरतो आणि चिरे झिजतात. २०२० साली खुद्द बाझिलिकेच्या प्रमुखांनी याविषयी जाहीर चिंता व्यक्त केली. गिलावा परत चढवावा की नाही, यावर वाद झडत आहेत. ओलीने पोपडे आलेली भिंत जिने घरात सांभाळली आहे, तिला यातले दुखणे वेगळे समजावून सांगायला नको.

शहाण्या हातांनीही चुका होतात, याचा दाखला आमच्या जिल्ह्यातच आहे. अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी. सुटू लागलेला गिलावा त्यांनी भिंतीला परत धरवला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर चढवलेले लाखेचे व्हार्निश काळाबरोबर पिवळे पडले, काळवंडले. ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची अनेक वर्षे गेली. गोव्यात वस्त्र काढले म्हणून नुकसान, अजिंठ्यात वस्त्र चढवले म्हणून! तेव्हा जुन्या वास्तूला हात लावण्याआधी ती बांधणाऱ्याने असे का केले असेल, हे विचारणे बरे. कॅजेटनच्या साधूंनी आणि मकबऱ्याच्या गवंड्यांनी चुना वापरला तो गरिबी झाकायला नव्हे. आतल्या दगडाला त्याची गरज होती.

जाणार असाल तर

पणजीहून जुने गोवे दहा किलोमीटरवर आहे, बस सतत असतात. कोकण रेल्वेने आलात तर करमळी स्टेशन जवळ. सकाळी लवकर जावे. बॉम जीझस आधी करावे, कारण उन्हाबरोबर गर्दी वाढते. कॅजेटन निवांत असते, ते शेवटी ठेवावे आणि तासभर तरी द्यावा. खांदे, गुडघे झाकणारे कपडे घालावेत. प्रार्थना चालू असेल तर मागे शांत उभे राहावे आणि फोटो काढू नयेत. आपल्या देवळात पाहुण्याने जसे वागावेसे वाटते तसेच. ३ डिसेंबरला झेवियरचे फेस्त असते, तेव्हा जत्रा भरते. ७ ऑगस्टला कॅजेटनचा सण. पावसात जाणार असाल तर पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हाताऱ्या माणसांचा हात धरावा. बरोबर पाण्याची बाटली, सुकी पोळी-चटणी असू द्या.

ही सारी चर्चेस आणि मठ १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपले अजिंठा-वेरूळ तीन वर्षे आधी, १९८३ साली. म्हणजे आपण त्यांच्याकडे जाताना वडीलकीच्या नात्याने जायला हरकत नाही! आणि कुणी तुमच्यासमोर कॅजेटनला रोमची नक्कल म्हणाले किंवा आमच्या मकबऱ्याला ताजची, तर त्यांना एवढेच विचारा, की आईच्या हातची पुरणपोळी मुलगी आपल्या घरी, आपल्या चुलीवर, मिळेल त्या गुळाने करते, तिला आपण नक्कल म्हणतो का?